तुम्हाला माझी खरंच भीती वाटत होती का, आई?

आई, गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. पण तुम्ही मला ओळखता. परवा तुमचं जलदान आणि पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली, एकेक जण उठून तुमच्याबद्दल चार शब्द बोलला, आणि मी मागच्या रांगेत बसून प्रत्येक शब्द पारखत होते. तुमच्या शाळेतल्या एक जुन्या बाई म्हणाल्या, मनाने फार मोकळ्या होत्या. मोकळ्या? मी मनात म्हटलं, यांना महिनाभर आमच्या घरी राहायला ठेवायला हवं होतं.

मग सून म्हणून मलाही उठवलं. मी माइक हातात घेतला, 'आईंनी मला लेकीसारखं वागवलं' असं म्हटलं आणि खाली बसले. ते खोटं होतं. तुम्ही मला लेकीसारखं कधी वागवलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही; लेकीला तुम्ही किती फाडून बोलायच्या ते मी ऐकलंय. मला जे खरं बोलायचं होतं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. तो आपला रिक्षातला वाद. तुम्ही तो अर्धा टाकून गेलात, आणि मला अर्धवट गोष्टी पचत नाहीत.

संशय ही माझी सवय नाही, ती माझी नोकरी आहे, असं मी नेहमी सांगायचे. विमा कंपनीत बसून मी दिवसभर क्लेमच्या फायली तपासते. ज्या फायलीत एकही कागद कमी नाही, एकही तारीख इकडची तिकडे नाही, ती मी आधी बाजूला काढते. खरं आजारपण इतकं नीटनेटकं नसतं. मी संध्याकाळी हुडकेश्वरला घरी पोचले की तुम्ही म्हणायच्या, "आल्या पोलीसबाई." पण मला नाही म्हणायच्या. कूलरला म्हणायच्या.

आपल्या घरात तेव्हा कुणी कुणाशी सरळ बोलतच नव्हतं. लेकी बोले सुने लागे असं जुन्या बायका म्हणायच्या. आपल्याकडे लेक, प्रज्ञा, लग्न होऊन खाप्याला गेली तेव्हा तिची जागा कूलर, फ्रिज आणि दाराबाहेरच्या कुत्र्याने घेतली. आणि आर्या बोलायला लागल्यावर आर्याने. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी असायचे आणि तुम्ही नातीला सांगायच्या, "तुझ्या मम्मीले म्हणा, दूध उतू जाऊन राहिलं." मीही कमी नव्हते. दूध बंद करायचे आणि म्हणायचे, "आर्या, आजीला सांग, दिसतंय मला." मिलिंद, तुमचा लाडका लेक आणि माझा नवरा, दोघींच्या मध्ये सोफ्यावर बसून टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आठवतं ना, त्या पोरीने काय केलं ते? आपल्याला किती उशिरा कळलं. तुम्ही तिला निरोप दिलात, "सांग तुझ्या मम्मीले, ऑफिस तिचं लय मोठं आहे, पण घरात मरून मीच राहिली." ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी म्हणते, तू दमली असशील, बस थोडी." मी बसले खरी, पण डोक्यात चक्र सुरू. आज एवढं गोड कशाला? प्रज्ञा यायची आहे का? काही हवंय का? मी म्हटलं, "आजीला सांग, उगाच गोड बोलायची काही गरज नाही." आणि तिने तुम्हाला सांगितलं, "मम्मी थँक्यू म्हणते." मग तुम्ही तिकडे चक्रावलेल्या. आपण दोघी एकमेकींच्या गोडपणाला घाबरून बसायचो, आणि तो गोडपणा आपल्या दोघींपैकी एकीचाही नव्हता. एक आठ वर्षांची पोर तो घरभर वाटत फिरत होती.

मग तिचं पोट दुखायला लागलं. शाळेत जाताना दुखे, जेवताना दुखे. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनी फाइल मिटली आणि आम्हा नवरा-बायकोला विचारलं, घरात काय चाललंय? आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, काही नाही. त्यांनी कुटुंबासाठी काउन्सेलिंग करणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. सगळ्यांनी मिळून जायचं, एकट्या पोरीला पाठवायचं नाही, असं बजावलं.

मिलिंद घरी येऊन म्हणाला, "आपण काय पागल आहो का?" मला ठाऊक होतं, तुम्हीही नाहीच म्हणणार. पण तुम्ही म्हणालात, "चला. मी येते."

आई, त्या क्षणापासून माझा संशय सुरू झाला. पस्तीस-चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारी बाई स्वतःहून कुणापुढे जाऊन बसायला तयार होते? मी ओळखलं. पहिल्याच बैठकीत तुम्ही त्या मॅडमना आपल्या बाजूला ओढणार आणि एका शिकलेल्या बाईच्या तोंडून सगळा दोष माझ्या पदरात घालून घेणार. त्या दिवशी निघताना तुमच्या हातात पाटवड्यांचा डबा बघितला तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

धरमपेठेतली ती माडीवरची खोली. मॅडम जेमतेम तिशीच्या, पायात खेळाचे बूट. तुम्ही माझ्या कानाशी लागलात, "ही पोट्टी आपल्याले काय सांगन वं?" आणि मी म्हटलं, "बघू ना." नंतर लक्षात आलं, कितीतरी महिन्यांनी आपण सरळ एकमेकींशी बोललो होतो, आणि आपलं चक्क एकमत होतं.

डबा मॅडमनी घेतला नाही. म्हणाल्या, "आजी, मी घेतला तर ह्यांना वाटेल मी तुमची झाले." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं तेच त्या बोलून गेल्या होत्या, आणि त्यामुळे मला त्यांचाही संशय आला.

मग त्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या. घरात कोण कुणाशी कुणामार्फत बोलतं, त्याप्रमाणे बसा म्हणाल्या. आपण मोठे एकमेकांची तोंडं बघत राहिलो. आर्या उठली, आपली खुर्ची ओढत नेऊन बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. कुणी विचारलं नाही तरी म्हणाली, "मी खोटं सांगायचे. आजी बोलायची ते नाही सांगायचे. मम्मी बोलायची ते पण नाही." आणि रडायला लागली. तुमचा हात पदराकडे गेला तो अर्ध्यातच थांबला. मॅडम तिला म्हणाल्या, "आर्या, तुझी ड्यूटी आजपासून संपली." तर पोरीने काय विचारावं? "मग ह्या भांडतील ना?" मॅडम म्हणाल्या, "भांडू दे. मोठ्या आहेत त्या."

परतताना डबा तुम्ही रिक्षावाल्याला देऊन टाकलात.

मॅडमचे नियम अगदी साधे होते. जे सांगायचं ते ज्याला सांगायचं त्यालाच, तोंडावर. जो समोर नाही, त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नाही. दुसरी कशी आहे ते सांगायचं नाही, आपल्याला काय होतं ते सांगायचं. ह्या तिसऱ्या नियमाची तुम्ही पहिल्याच आठवड्यात वाट लावलीत. "मले असं वाटते," तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "का ही आळशी आहे." मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आजी, ही भावना नाही, हा शेरा झाला." शेरा म्हटल्यावर तुम्हाला लगेच कळलं. जन्मभर प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिलेत ना.

मग ते परत म्हणून दाखवणं. एकीने बोलायचं, दुसरीने उत्तर न देता तेच आधी म्हणून दाखवायचं. पहिली पाळी माझी. माझ्यात साचलेलंच होतं. मी म्हटलं, "तुम्हाले माझं काहीच चांगलं दिसत नाही. मी नोकरी सोडून तुमच्या पायाशी येऊन बसले, तरी तुम्ही म्हणाल, पायाशी काहून बसली, माझा उजेड अडून राहिला." तुम्ही डोळे मिटलेत आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हटलंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक टोमणा वर नाही. तुमच्या त्या वर्गातल्या खणखणीत आवाजात माझं वाक्य ऐकताना मला कसंसंच झालं. मग तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "असं वाटते तुले?"

असं मला तुम्ही त्याआधी कधी विचारलं नव्हतं, आई. लग्न होऊन आले तेव्हापासून कधीच नाही. मला रडू आलं, आणि त्याच वेळी मनात आलं, पाठांतर चांगलं आहे बाईंचं.

इथून पुढे घर बदललं, ते मी नाकारत नाही. आर्याचं पोट दुखायचं थांबलं. एकदा आपल्या दोघींचा आवाज चढला तेव्हा मिलिंदने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "मले मधात नका घेऊ. दोघी एकमेकींले सांगा," आणि अंगणात जाऊन उभा राहिला. आपण दोघी भांडण विसरून दाराकडे बघत राहिलो. तुम्ही तोंडावर सांगायला लागलात, भाजी खारट झाली आहे. मी तोंडावर सांगायला लागले, आज माझ्याने भांडी होणार नाहीत. आकाश कोसळलं नाही. उलट दुपारचं जेवण झाल्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटात मिरचीचा ठेचा दिसायला लागला. त्याआधी तो कधी उरतच नसे.

पण तुम्ही जरा जास्तच चांगल्या शिकलात. मॅडमनी काही करायला सांगितलं की तुमचं पहिलं तयार. मिलिंद विसरायचा, मी टाळायचे, तुम्ही कधी नाही. राग आला की खोल श्वास घ्यायच्या, "मले या गोष्टीचं वाईट वाटून राहिलं," म्हणायच्या, अगदी ठरल्याप्रमाणे. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर पीळही दिसेना. माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती तर मी ती नक्की बाजूला काढली असती.

आणि मग पडदे.

मॅडमनी सांगितलं, दोघींनी मिळून एक काम करा, ज्यात तिसरं कुणी नसेल. आपण ठरवलं, बैठकीच्या खोलीचे पडदे. गांधीबागेत गेलो. एप्रिलचं ऊन, तुमच्या डोक्याला पांढरा दुपट्टा, माझ्या तोंडाला ओढणी. त्या घाऊक दुकानात गादीवर बसून कापडाची थानंच्या थानं उलगडली गेली. दुकानदार विचारी, "कोणता काढू?" तुम्ही म्हणायच्या, "हिले विचारा, हिच्या मनानं होऊ द्या." मी म्हणायचे, "नाही, आईंना आवडेल तो." आपण दोघी इतक्या समजूतदार झालो होतो की तो बिचारा घामाघूम झाला. शेवटी त्याने वैतागून एक पोपटी कापड पुढे टाकलं. तुम्ही म्हणालात, "छान आहे, नाही का वं?" मी म्हटलं, "हो, छान आहे." तो फुटकळ कापून देत नव्हता, म्हणून अख्खं थान घेतलं.

पडदे लागले. सोफ्याला खोळी झाल्या, तरी कापड उरलं, तेव्हा उशांनाही झाल्या. बैठकीत शिरलं की पोपटांच्या थव्यात शिरल्यासारखं वाटायचं. दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. एका रविवारी चहा पिता पिता मिलिंदच म्हणाला, "हा रंग कोणी पसंत केला बाप्पा?" मी म्हटलं, आईंनी. तुम्ही म्हणालात, "मी? मले तर तो रंग बिलकुलच नाही आवडला."

"मग हो काहून म्हटलं?"

"तुले आवडला असं वाटलं. तू काहून म्हटलं?"

"तुम्हाले आवडला म्हणून."

तुम्ही कप खाली ठेवलात. "पहिले भांडत होतो," तुम्ही म्हणालात, "तर निदान पडदे बरे होते." मिलिंदला ठसका लागला. मी इतकी हसले की चहा सांडला, त्याच पोपटी खोळीवर. तुम्हीही हसत होतात, दात न लपवता. मला वाटतं तुमच्या-माझ्या एवढ्या वर्षांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता. त्याबद्दल मला काडीचाही संशय नाही.

पुढच्या बैठकीत आपण ही गोष्ट मॅडमना हौसेने सांगितली. त्या हसल्या, मग थांबल्या आणि तुम्हाला विचारलं, "पण आजी, दुकानात 'नको' का नाही म्हणालात?"

तुम्ही म्हणालात, "रुसली असती ही."

"रुसली असती तर काय झालं असतं?"

तुम्ही बराच वेळ हातातली पिशवी चाचपत राहिलात. मग मॅडमकडे न बघता, माझ्याकडे बघून बोललात. "मले तुझी भीती वाटते, करुणा. संध्याकाळी तुझ्या गाडीचा आवाज आला का मी लगबगीनं उठते. टीव्ही बंद करते. कपबशी विसळून ठेवते. घर मी बांधलं, पण घरात अंग चोरून राहते. तू काही म्हणत नाही. फक्त पाहते. जशी त्या फायली पाहत असशील तशी."

मिलिंदने मान खाली घातली. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा! शेवटी टाकलाच डाव. आता ही म्हातारी घाबरलेली, मी तिला घाबरवणारी. आता मी काही बोलले तरी वाईट मीच. भीती वाटते म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार माणूस? तुम्ही मॅडमच्याच पद्धतीने, मॅडमच्याच शब्दांत मला चीत केलं होतं.

परतताना मिलिंद ऑफिसला उतरला. रिक्षात आपण दोघीच. मी म्हटलं, "आई, एक विचारू? हे तुम्ही माझ्यासाठी बोलल्या का मॅडमसाठी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चिडल्या असतात तर मला बरं वाटलं असतं. "तुले काय वाटते?" तुम्ही म्हणालात.

"मले नाही पटून राहिलं. तुम्ही कोणाले घाबरणाऱ्या नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात. "घरी बोलू."

घरी बोललो नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. मी वाट बघत होते तुम्ही विषय काढाल म्हणून. तुम्ही कदाचित माझी वाट बघत असाल. मी मात्र माझं काम सुरू केलं. ऑफिसातून लवकर निघायचे, गाडी कोपऱ्यावरच बंद करायचे आणि ढकलत आणायचे. बघायचं होतं, माझा आवाज नसताना तुम्ही कशा असता. एकदा टीव्ही चालू होता. एकदा बंद होता. यातून काय सिद्ध होतं? एका दुपारी दारातून बघितलं तर तुम्ही फोनवर होतात, प्रज्ञाशी. मला बघितलंत आणि "ठेवते आता" म्हणून फोन ठेवून दिलात. झालं. मी मनाशी नक्की केलं. समोर खोल श्वास, भीती, वाईट वाटून राहिलं. आणि मागे रोज दुपारी लेकीजवळ माझी सालटी काढणं चालू आहे. मॅडमचा नियम खोलीपुरता. मला मनातून जवळजवळ बरं वाटलं. चोर सापडल्याचं समाधान असतं ना, तसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. त्या सकाळबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तुम्ही ओट्याला धरून खाली बसलात तेव्हा मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि त्या नजरेत काय होतं हेही मी शोधत बसले होते इतके दिवस.

आज दुपारी मिलिंद आर्याला घेऊन बाहेर गेला होता. प्रज्ञा खाप्याला परत निघायची म्हणून तुमच्या खोलीत बॅग भरत होती. मी तुमची निळी साडी तिला द्यायला गेले. तिने साडी घेतली नाही. माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाली, "वहिनी, एक सांग. तुम्ही माझ्या आईले तिथं नेऊन काय केलं?"

मी विचारलं, काय केलं म्हणजे?

"ती माझ्याशी बोलत नव्हती." ती वळली. डोळे लाल, पण आवाज रागाचा होता. "फोन करे रोज. जेवली का? पोट्टे काय करून राहिले? बस. मी विचारे, वहिनी कशी वागून राहिली, तर म्हणे, ते तिले विचार, ती इथं नाही, तिच्या मागं मी नाही बोलत. वर्ष झालं, वहिनी! पहिले सगळं सांगत होती मले. तुझं उठणं, तुझं बसणं, तुझ्या माहेरचं, सगळं. घंटाभर बोलत होतो, हसत होतो आम्ही. सासरी मले दुसरं होतं काय? ते बी तुम्ही काढून घेतलं. तू मधात आली का मग फोनच ठेवून देत होती."

आई, मी तिथेच तुमच्या पलंगावर बसले. खरं सांगते, आधी मी खोट काढायचाच प्रयत्न केला. ही मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे का? पण ती मला बरं वाटू देत नव्हती, ती भांडत होती. तिला यातून काय मिळणार होतं? मी विचारलं, "माझ्याबद्दल एकदाही काही बोलल्या नाही?"

"एकदा बोलली," प्रज्ञा म्हणाली. "मीच चिडली होती. म्हटलं, एवढी काय घाबरते वं तू तिले? तर म्हणाली, हो, घाबरते. अन् ते मी तिले तोंडावर सांगून टाकलं आहे. आता तुले सांगायचं काही बाकी नाही."

तुमच्या लेकीसमोर, जिथे मॅडम नव्हत्या, मी नव्हते, जिथे माझ्याविरुद्ध एक शब्द बोललात तरी तुमचं कौतुकच झालं असतं, तिथेही तुम्ही तेच म्हणालात. तुम्हाला माझी भीती वाटत होती, आई. ती खरी होती. आणि घाबरत असूनही तुम्ही माझ्याकडे बघून ते बोललात, पिशवी चाचपत. माझी हिंमत झाली नसती. मीसुद्धा तुम्हाला घाबरत होते, पहिल्या दिवसापासून घाबरत होते, पण ते मी त्या खोलीतही बोलले नाही, आणि रिक्षात तर नाहीच. म्हणून तर बघत राहायचे मी तुमच्याकडे. दुसरं काय करणार होते?

प्रज्ञा रडायला लागली होती. मला वाटलं जवळ घ्यावं, पण ती माझ्यावर रागावलेली आहे आणि तो राग खरा आहे. मी साडी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "प्रज्ञा, काय बोलत होत्या पहिले माझ्याबद्दल? सांग ना. मी तर आहे इथं, समोर. मागं बोलणं नाही होणार."

तिने संशयाने बघितलं माझ्याकडे. अगदी माझ्यासारखं. "तुले राग येईन."

"येऊ दे."

तिने नाक पुसलं. मग तुमचा आवाज काढून, तुमच्यासारखी मान हलवून म्हणाली, "माझी सून पोळी लाटते का नकाशा काढते, समजत नाही बाप्पा. काल मी अख्खा चंद्रपूर जिल्हा खाल्ला."

आई, मी इतकी हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं, बायका आपसात बोलतही होत्या. प्रज्ञा घाबरून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "पाहा, म्हटलं होतं ना. बस, आता नाही सांगत."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, सांग, सगळं सांग.